सांगायला यायचं नाही

दूध करपल्याचा वास मला अंगणातच आला. चपला काढता काढता मी हाक मारली, "आये, चुलीवर काय हाय?" आणि उत्तराची वाट न बघता आत शिरले. आई चुलीपासून हातभर अंतरावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. पातेल्यातलं दूध आटून तळाला काळं झालं होतं आणि ही आपली शांतपणे खडे वेचतेय. मी पदरानं धरून पातेलं खाली उतरवलं.

"ध्यान कुटं हाय तुजं?"

आईनं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू अशी भर दुपारची? पाव्हणं बरं हायेत न्हवं?"

पाव्हणं म्हणजे माझे सासरे. ते बरे नव्हते. कऱ्हाडच्या एका दवाखान्यात ते आडवे पडले होते, डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं, आणि आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ बंद. म्हणून तर मी वडापच्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन, मधला घाट उभ्यानं काढून आईच्या दारात आले होते.

"बरं न्हाईत," मी म्हणाले. "तू त्यास्नी कसला पाला दिलास ते सांग. झाडाचं नाव सांग. डॉक्टर मागत्यात."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "ते सांगत न्हाईत, कमे. तुला ठावं हाय."

ठाऊक होतं तर. माझी आई सारजाबाई, आसपासच्या वाड्यांवर 'काविळीची आक्का' म्हणून ओळखली जायची. काविळीचं औषध आमच्या घरात कधीपासून आहे ते कुणालाच सांगता यायचं नाही. ते सासूकडून सुनेकडे जातं, लेकीकडे जात नाही. लेक परक्या घरी जाते, तिच्याबरोबर गुणही जायचा. आईला ते माझ्या आजीनं दिलं. आईकडून ते माझ्या वहिनीला मिळायचं होतं, पण वहिनी भावाबरोबर पुण्यात, आणि तिला पाल्याबिल्यात काडीचा रस नाही. ज्या मला लहानपणापासून शिकायची हौस, ती मी उंबऱ्याबाहेर. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात ते असं.

औषध माहीत नसलं तरी आईकडे येणाऱ्याला काय काय सोसावं लागतं ते मला तोंडपाठ होतं. अनशापोटी यायचं. उंबऱ्याबाहेर पूर्वेकडे तोंड करून बसायचं. आई आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, मग नखं, मग जीभ. त्यानंतर प्रश्न सुरू व्हायचे. भूक लागते का? खाल्लेलं ठरतं का? अंगाला खाज सुटते का? झोप कशी आहे? लघवीचा रंग कसा, हळदीगत का चहागत? समोर पाटील असो नाहीतर हेडमास्तर, लघवीचा रंग चारचौघांत सांगावाच लागायचा. मग ताकात मिसळलेला रस. पिताना तोंड वाकडं करायचं नाही. तेल, मीठ, मटण बंद. पैसे नाहीत, सुपारीसुद्धा नाही. आणि पेशंट उठायला लागला की आई शेवटचं बजावायची, "गुण आला तरी सांगायला यायचं न्हाई." उपकार मानले की गुण जातो, अशी समजूत. त्यामुळे आमच्या दारात आजारी माणसं पुष्कळ यायची, बरं झालेलं माणूस कधी यायचं नाही.

पाला खुडायची रीतही तशीच कडक. उजाडायच्या आधी जायचं, दिवा न्यायचा नाही, सोबत न्यायची नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. अंधारात झाड ओळखायचं ते वासावरून. पान चुरगाळायचं, नाकाशी धरायचं, खात्री पटली की खुडायचं.

माझ्या सासऱ्यांचा आईवर भारी भरवसा. "विहीणबाईंच्या हाताला यश हाय," असं ते येता-जाता म्हणायचे. डोळे पिवळे दिसायला लागले तसे ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत. धोतर सावरत स्वतःच्या पायांनी आईकडे गेले, ओळीनं तीन सकाळी रस प्यायले, चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, आणि त्यांचं भान हरपायला लागलं तेव्हा आम्ही त्यांना उचलून कऱ्हाडला नेलं.

तिथले डॉक्टर मुजावर भले माणूस. पाल्याचं ऐकून ते ओरडले नाहीत की आम्हाला अडाणी म्हणाले नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "काकांना कावीळ होतीच. पण आता जे चाललंय ते त्या काविळीनं चाललंय की पोटात गेलेल्या पाल्यानं, हे मला कळायला हवं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. चुकीचा उपाय केला तर मूत्रपिंडं कायमची जातील. अंदाजानं मी फार वेळ काढू शकत नाही, ताई."

सासूबाई कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तुज्या माहेरचं हाय. तूच घिऊन ये."

लहानपणी मला घरात घोरपड म्हणायचे. एकदा चिकटले की सुटायची नाही. मी आईसमोर जमिनीवर फतकल मारली. "मी नाव घेतल्याबिगर उठायची न्हाई."

"बस मग," आई म्हणाली. घोरपडीला जन्म देणारी तरी कोण असणार?

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. पलीकडच्या वाडीची एक बाई होती, हाताला धरलेली तिची पोरगी. पोरीचे डोळे लांबूनच पिवळे दिसत होते.

"आक्का, हिला उद्या सकाळी आनू का? अनशापोटी आनते."

आई उठून दारापर्यंत गेली. पोरीच्या तोंडावरून तिनं हात फिरवला, पण पापणी ओढून बघितली नाही. "हिला दवाखान्यात ने. आजच्या आज ने. माज्याकडं औषध न्हाई."

"न्हाई म्हंजी, आक्का? म्या इतक्या लांबनं..."

"न्हाई म्हंजी न्हाई, बाय. ने तिला."

बाई गोंधळली, दोन वेळा मागे बघत निघून गेली. मी थक्क झाले होते. आईनं दारातून कुणाला परत लावलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. भावकीतल्या वैऱ्यांनाही तिनं मुकाट्यानं औषध दिलं होतं. मला वाटलं, डॉक्टरचं नाव ऐकून घाबरली, आता अंग काढून घेतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिच्या पोरीला दवाखाना, आन माज्या सासऱ्याला पाला?"

आई परत सुपाशी येऊन बसली.

"आये, त्यो मानूस मराय टेकलाय. तुला विहीणबाई, विहीणबाई म्हनत आला हुता त्यो."

"तू लेक हायस. लेकीला सांगितलं तर गुण जाईल."

"जाऊ दे गुण! मानूस ऱ्हाऊ दे."

तिला ओरडून काही मिळणार नव्हतं, हे मला कळत होतं. मी आवाज खाली आणला. "बरं, सांगू नगंस. तोंड उघडूच नगंस. मला नुसतं दाखव. दाखवायला कुनी मनाई केलीया?"

आईनं पदर खोचला. "दाखवायला मनाई न्हाई," ती म्हणाली. आणि उंबरा ओलांडताना स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटली, "मलाबी एकदा बगायचंच हाय."

मिरगाच्या आधीचे दिवस. ऊन मी म्हणत होतं. ओढा आटला होता, फक्त डोहाच्या कडेनं ओल होती आणि तिथं हिरवं दाट रान माजलं होतं. इतक्या वर्षांत आई या जागी उजेडात कधी आलीच नव्हती. ती कडेला उभी राहून डोळ्यांवर हात धरून बघायला लागली, एखाद्या परक्या गावात उतरल्यासारखी.

"कुटलं?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटले. आणि मग मी पाहिलं, तिचे पाय आपोआप चालायला लागले. दगड चुकवत ती खाली उतरली, वाकली, हात पुढे केला आणि एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. थांबली. दुसरं पान घेतलं. परत थांबली. डोळे तसेच मिटलेले. तिसरं पान तिनं इतक्या जोरानं चुरगाळलं की बोटं हिरवी झाली.

मी तिच्याजवळ जाऊन वाकले. तिथं दोन झाडं एकमेकांत गुंतून वाढली होती. पानं सारखी, उंची सारखी, उजेडात नीट बघितलं तरच कळावं की एकाच्या देठाला तांबूस झाक आहे. मी दोन्हींची पानं चुरगाळली. एकाला तिखट, उग्र वास आला, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. दुसऱ्याला नुसता ओल्या गवताचा.

"ह्ये उग्र वासाचं, ह्येच न्हवं?"

आईनं डोळे उघडले. "व्हय. उग्र. डोळ्यांत पानी आननारा." मग अगदी हळू म्हणाली, "तुला येतुया वास?"

"म्हंजी? तुला येत न्हाई?"

"शिमग्यात ताप आल्ता न्हवं मला? तवापासनं काय न्हाई. दूध न्हाई, धूर न्हाई, फोडनी न्हाई. काय न्हाई."

मला करपलेलं पातेलं आठवलं. मी काही बोलायच्या आत माझी नजर झाडांच्या बुंध्याकडे गेली. उग्र वासाचं झाड जवळजवळ अखंड होतं, एखाददुसरा शेंडा गेलेला. तांबूस देठाचं मात्र बाजूबाजूनं खुडलेलं होतं. काही देठ जुने, सुकून काळे पडलेले. काही अगदी ताजे.

आईनंही तेच पाहिलं. तिनं एकेका खुडलेल्या देठावरून बोट फिरवलं. मला तिच्याकडे बघवेना.

"मग का देत गेलीस, आये?"

"मानसं यायची. पिवळीधमक पोरं घिऊन यायची. न्हाई कसं म्हनू? आन हाताला ठावं हाय असं वाटलं मला. येवढी वरसं हात चुकला न्हवता." तिनं हिरवी बोटं लुगड्याला पुसली. "पाव्हण्यास्नी उलट्या झाल्याचं कानावर आलं तवा मनात आलं. पर मनाला म्हनलं, गप ऱ्हा."

मी तिला रागावायला आले होते, आणि आता तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं, त्यामुळे मी यातलं काहीच केलं नाही.

आईनंच डोळे पुसले. खाली बसून तिनं दोन्ही झाडांचा एकेक फाटा मुळासकट उपसला, मुळांची माती झटकली आणि डोहाच्या चिखलात पदर भिजवून त्यात गुंडाळला. रीतीप्रमाणे मूळ कधी उपसायचं नसतं. ती उभी राहिली तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखल होता.

"चल," ती म्हणाली.

"मी नेते. तू कशाला..."

"दिलं म्या. सांगनारबी मीच."

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सासूबाईंनी आईला बघितलं, तिच्या चिखलाच्या पायांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आईनं त्यांना हात जोडले आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. ओला पदर सोडून तिनं दोन फाटे शेजारी शेजारी मांडले.

"डाक्टर, ह्यो द्यायचा हुता. ह्यो दिला. शिमग्यापासनं मला वास येत न्हाई."

डॉक्टर मुजावरांनी खुर्ची पुढे केली, पण आई बसली नाही. त्यांनी दोन्ही फाटे उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली: किती पाला, कशात वाटला, पाणी की ताक, अनशापोटी का, किती वेळा, मागून काय खाल्लं? मला गंमत वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांना असे प्रश्न विचारणारी माझी आई आता शाळेतल्या पोरीसारखी एकेकाचं उत्तर देत होती, आणि एकही टाळत नव्हती. डॉक्टरांनी फाटे कागदात गुंडाळून कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे माणूस पाठवला. थोड्या वेळानं फोन आला आणि सासऱ्यांची एक बाटली काढून दुसरी लावली गेली.

त्या झाडांची नावं मी इथे लिहीत नाही. गुण जाईल म्हणून नव्हे. कुणीतरी वाचेल आणि भल्या पहाटे पाला आणायला निघेल म्हणून.

"काका वाचतील का, ते आज सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता मी अंधारात नाही. तुम्ही आलात हे फार बरं केलंत, आजी." आणि मग पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "शिमग्यापासून आणखी कुणाकुणाला दिलंत?"

आई टेबलाचा काठ धरून उभी होती.

"पुष्कळांस्नी," ती म्हणाली.

"त्यांना कसं आहे?"

"कुनीच आलं न्हाई सांगायला."

तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. तो चेहरा मी अजून विसरले नाही. "कमे, कसं येतील? यायचं न्हाई म्हून म्याच सांगत हुते."

त्या रात्री आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यातच अंग टाकलं. सकाळी जाग आली तेव्हा आई लुगडं धुऊन, ओलंच नेसून तयार होती. "एकेकाच्या घरी जानार," ती म्हणाली. मी कॉटकडे बघितलं. सासरे तसेच पडून होते, सासूबाई तशाच पायथ्याशी. या घडीला माहेरच्या माणसाबरोबर निघावं तरी कसं? मी काही विचारायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "जा तिच्यासंगं. म्हातारी एकली कुटं कुटं फिरंल? हितं मी हाय." आणि आपल्या हातातली भाकरीची चवड त्यांनी आईच्या ओटीत टाकली.

आईला अक्षर येत नव्हतं, पण शिमग्यापासून आलेला एकेक माणूस तिच्या डोळ्यांसमोर होता. पहिलं घर एका तरण्या मेंढपाळाचं. तो खुराड्याशी काहीतरी करत होता. आईला बघून तो चपापून उभा राहिला. "आक्का? तुमी कशाला आलासा?"

"डोळा दाखव."

त्यानं मुकाट्यानं डोळा दाखवला. पांढरा स्वच्छ होता. तरी आई हलेना. "गुण आला का? का दुसरं काय घेतलंस?"

"आक्का, सांगायचं नसतंय न्हवं?"

"आता सांगायचं. खरं सांग."

त्यानं मान खाली घातली. आईच्या रसानं पोटात ढवळलं म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी तो बंद केला होता आणि गुपचूप तालुक्याच्या दवाखान्यात गेला होता. आईला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोलला नव्हता. "बरं केलंस," आई म्हणाली. "लई बरं केलंस, लेकरा." बाहेर पडल्यावर ती थोडी हलकी झाल्यासारखी वाटली.

त्या दिवशी आम्ही पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरलो. कुणी ठीक होतं, कुणी अजून पिवळं होतं आणि आईनं त्याला समोर उभं राहून जीपमध्ये बसवलं. एका घरात तिला शिव्या बसल्या. त्या तिनं पुऱ्या ऐकून घेतल्या आणि मग विचारलं, "भूक लागतीया का पोराला?" संध्याकाळी दवाखान्यात परतलो तर सासूबाई दारातच उभ्या, हातात लघवीचं भांडं. भांडं भरलेलं होतं आणि त्या ते सगळ्यांना दाखवत रडत होत्या. आईनं वाकून आत बघितलं. "चहागत हाय अजून," ती म्हणाली, "पर उतरंल." आणि दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मला वाटलं, आता ही थांबेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत दारात उभी.

त्या दिवसाचं एक घर टेकडीच्या पायथ्याला होतं. धोंडीराम गुरवाचं. आम्ही अंगणात गेलो तर त्यांची बायको बायजाबाई पायरीवर बसली होती. तिचं कपाळ मोकळं होतं. ते मी बघितलं आणि आईनंही बघितलं.

"ते गेले की, आक्का," बायजाबाई म्हणाली. तिनं उठून आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. "आखितीच्या आदी. तुमी तरी काय करनार, तुमी तुमच्याकडनं केलंसा. पोरगं म्हनत हुतं, दवाखान्यात न्हेऊ. पर ह्ये शेवटपत्तुर म्हनायचे, आक्काचं औषध घेतलंय, आता दवाखाना कशाला?"

आई मटकन खाली बसली. तांब्या तिच्यासमोर होता. ती पाणी प्यायली नाही. माझ्या मनात आलं, आता गप्प राहावं, झालं ते झालं, या बाईला सांगून तिचा माणूस परत यायचा नाही. मी आईच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. तिनं तो अलगद बाजूला केला.

"बायजा," ती म्हणाली, "मला वास येत न्हाई. माजा हात चुकला. धोंडीबाला म्या दिला त्यो पाला काविळीचा न्हवता."

बायजाबाई आईकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ती उठली, आईसमोरचा तांब्या उचलला आणि आत गेली. दार मात्र तिनं लावलं नाही. आम्ही तिथं बसून राहिलो. आत कुठेतरी ती भांडी हलवत होती. ती परत बाहेर आली नाही.

ऊन पायरीवर आलं तेव्हा आईनं जमिनीला हात टेकला आणि गुडघे धरत उभी राहिली. उघड्या दाराकडे बघून तिनं हात जोडले. मग माझ्याकडे वळली.

"पुढचं घर आंब्याच्या मळ्यातलं," ती म्हणाली. "चल, ऊन चढायच्या आत पोचू."